वाड्यातला खून आणि वेशीबाहेरचा साक्षीदार

परवा बिंदू चौकात चहा पिताना एका कार्यकर्त्या मित्रानं माझ्या पिशवीतून पुस्तक ओढून काढलं. मुखपृष्ठावर धुकं, धुक्यात पडका वाडा, वाड्याच्या खिडकीत बाई आणि बाईच्या मानेवर कुणाचा तरी हात. मित्र म्हणाला, ‘कवी ना रे तू? मोर्चात माईकवर बोंबलतोस आणि पिशवीत हा कचरा बाळगतोस?’ चार पोरं हसली. एका अंगाला फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा. १९५० साली, बाबासाहेब हयात असतानाच इथं बसवलेले. दुसऱ्या अंगाला जेलची भिंत. मधे आम्ही, अर्धा अर्धा चहा आणि हे मुखपृष्ठावरचं धुकं.

मी म्हणालो, कचरा असेल तर असू दे, पण त्यात आपलं काय काय टाकून दिलंय ते चिवडून बघायला नको? कचरा चिवडण्यात आपला हात कोण धरणार! पोरं परत हसली, ह्या खेपेला जरा कमी. मग चहाचे पैसे कुणी द्यायचे ह्यावर बोलणं गेलं आणि विषय तिथंच मेला. म्हणून इथं लिहितो.

मी मुंबईच्या गोदीत हमाली करतो. शिक्षण मॅट्रिक. आता दहावी म्हणतात, पण आमच्या आज्जाच्या तोंडी अजून मॅट्रिकच आहे आणि त्या शब्दाला घरात वजन आहे, म्हणून मीही तोच वापरतो. साखरेची बोट धक्क्याला लागली की पन्नास पन्नास किलोची पोती, आणि पोत्यांवर आमच्याच कोल्हापूर-सांगलीकडच्या कारखान्यांची नावं. गावचा ऊस असा पाठीवर भेटतो. पावसाची सर आली की काम बंद. साखर भिजली तर बोंब, माणूस भिजला तर चालतंय. फाळक्यावर ताडपत्री ओढायची आणि शेडच्या कडेला बसून राहायचं, कधी तासभर, कधी अख्खी पाळी. त्या वेळात कुणी पत्ते कुटतं, कुणी मोबाईलवर रील बघतं. मी वाचतो.

आमच्या टोळीत एक म्हातारा हमाल आहे, सगळे त्याला मामा म्हणतात. गिरणगावात पूर्वी महिन्याचं भाडं भरून पुस्तकं आणायची दुकानं होती. त्यातलं एक बंद पडलं तेव्हा मामानं पोतंभर पुस्तकं किलोच्या भावानं उचलली. कव्हरं फाटलेली, शेवटची पानं गेलेली. रहस्यकथेचं शेवटचं पान गेलेलं असणं म्हणजे काय हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. त्या पोत्यात बाबूराव अर्नाळकर निघाले. हजारावर पुस्तकं लिहून हा माणूस १९९६ साली गेला. त्यांचा झुंजार, त्यांचा काळा पहाड. गुरुनाथ नाईक निघाले, तेही २०२१ साली गेले. आणि आमच्या कोल्हापूरचे बाबा कदम निघाले. बाबा कदम पेशानं सरकारी वकील, त्यामुळं त्यांच्या पानातली कोर्टकचेरी, फौजदार, जामीन हे सगळं हाताला लागतं. शिवाय वाडे, घोडी, शिकार, इनामदारांची घरं, संस्थानी रुबाब. २००९ साली ते वारले, पण एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर अजून सापडतात.

खोटं कशाला बोलू, मला ही पुस्तकं आवडतात. रात्रपाळी कशी सरते कळत नाही. पुण्याच्या समीक्षकांनी ह्यांना साहित्यात कधी धरलं नाही. तेव्हा मित्रा, ‘कचरा’ म्हणताना तू कुणाच्या पंगतीला जाऊन बसलास ते जरा मान वळवून बघ. गिरणी कामगारानं, कंडक्टरनं, घरकाम करणाऱ्या बाईच्या पोरानं जे वाचत वाचत अक्षर पक्कं केलं ते हेच. मला स्वतःला ‘तथापि’ हा शब्द रहस्यकथेनं शिकवला, शाळेनं नाही.

पण आवडतं म्हणून डोळे झाकायचे का? पोतं निम्मं संपल्यावर माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. वाड्यात खून, गढीत गुप्तधन, गडाच्या पायथ्याला पडकं देऊळ, माळावर दिवे हलतात, असल्या ज्या गोष्टी आहेत त्यात गाव असतं, पण आपली वस्ती नसते. असलीच तर धुक्यासारखी असते. भ्यालेला गडी कंदील घेऊन येतो, ‘सरकार, भूत!’ म्हणून किंचाळतो आणि पुढच्या पानावर मेलेला सापडतो. नाहीतर पहिल्या तीस पानांत संशय घ्यायला कुणीतरी लागतो. रामोशी, पारधी, बेरड, नाहीतर वाड्यावरनं काढून टाकलेला नोकर. वाचकालाही ठाऊक असतं की हा खरा चोर नाही, कारण खरा चोर शिकलेला निघणार. म्हणजे गुन्हा करण्याएवढी अक्कलसुद्धा आम्हाला द्यायची नाही. आणि गुन्हा शोधण्याची अक्कल तर शहरातनं मोटारीत बसून येते. मी कुणा एका लेखकावर खापर फोडत नाही. मामाच्या पोत्यात जे निघालं, त्यातल्या बहुतेकाचा हा साचा.

आता खरं गाव बघा. गावगाड्यात रात्रीचा पहारा कुणाचा? गावात परका माणूस आला तर पाटलाला खबर देणारा कोण? बेवारस मढं सापडलं तर पंचनामा होईपर्यंत त्याच्याजवळ रात्र काढणारा कोण? दोन गावांच्या शिवेचं भांडण लागलं तर जुना दगड कुठं पुरलाय ते दाखवणारा कोण? महार. आमच्याकडं पाळीवरच्या महाराला तराळ म्हणत. चोरीचा माग काढायची जबाबदारी रामोशाची, आणि जिथं रामोशी नाही तिथं तीही आमचीच. माग गावच्या शिवेबाहेर गेला हे दाखवता आलं तर सुटका, नाहीतर चोरीचा बोजा अंगावर. गडाच्या घेऱ्यातही पहाऱ्याला महार, मांग, रामोशी, बेरड. चिखलातलं पाऊल, मोडलेली काडी, कुत्र्याचं भुंकणं, सगळं वाचायला येत होतं. फक्त अक्षर वाचायची बंदी होती. गुप्तहेर म्हणतात तो ह्या मातीत वेशीबाहेर राहत होता, आणि त्याची फी म्हणजे शिळी भाकरी.

इंग्रजांनी शास्त्र आणलं म्हणतात. तेही पुरतं खरं नाही. बोटांच्या ठशांची वर्गवारी कलकत्त्यात बसवली ती अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोघांनी. जगातलं पहिलं ठशांचं कार्यालय १८९७ साली तिथंच निघालं, आणि पद्धतीला नाव लागलं साहेबाचं, हेन्रीचं. असो. आमच्या आईची बोटं धुणीभांडी करून एवढी गुळगुळीत झालीत की रेशन दुकानातल्या यंत्राला तिचा अंगठाच कळत नाही. शास्त्राच्या मते ती जगात नाही. तिच्या वाटणीचे तांदूळ मात्र कुणीतरी आहे.

रहस्यकथेचा नियम आहे, शेवटच्या पानापर्यंत कुणावरही संशय घ्यायचा. इंग्रज सरकारचा नियम सोपा होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. पोर जन्मलं की संशयित. तो कायदा रद्द झाला १९५२ साली. म्हणजे ऐंशी वर्षं तपास न करताच आरोपी ठरलेला. आमच्या कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड ह्यांना हजेरी होती. पाटलापुढं उभं राहून ‘मी पळालो नाही, मी इथंच आहे’ हे रोज सांगायचं. शाहू महाराजांनी १९१८ साली ती हजेरी बंद केली. महार वतनही त्याच साली काढून टाकलं आणि जमिनी रयतावा करून दिल्या. ज्या पारध्यांच्या मागं पोलीस लागायचे त्यांनाच सोनतळीच्या मुक्कामावर पहाऱ्याला ठेवलं. बाकी मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी १९२८ साली वतनाविरुद्ध कौन्सिलात बिल आणलं, आणि कायद्यानं वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. आपला राजा चाळीस वर्षं पुढं होता. पण राजाचा हुकूम वेशीपर्यंत येतो. वेशीच्या आत पाटलाचा.

हे मला पुस्तकातनं कळलेलं नाही. सुट्टीवर आलो तेव्हा आज्जाकडनं कळलं, तेही एका साहेबाच्या कुत्र्यामुळं.

आमचं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात पन्हाळा आहे. गडावर धुकं आहे, सज्जा कोठी आहे, अंधारबाव आहे. रहस्यकथेला अजून काय पाहिजे? मामाच्या पोत्यातलं एक पुस्तक मी पिशवीत आणलं होतं, शेरलॉक होम्सचं भाषांतर, ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’चं. आज्जा सत्त्याऐंशीचा, डोळ्यांनी अधू, टीव्हीचा त्याला राग. म्हणून संध्याकाळी त्याला वाचून दाखवायला लागलो.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडात डार्टमूर नावाचा मोठा ओसाड माळ. दलदल, धुकं, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दगडी झोपड्या, कडेला तुरुंग आणि मधोमध जहागीरदाराचा वाडा. वाड्याला शाप. का? तर पूर्वी ह्या घराण्यातल्या एका उर्मट धन्यानं एका शेतकऱ्याची पोरगी पळवून आणून माडीवर कोंडली. ती खिडकीतनं उतरून माळावर पळाली, त्यानं तिच्या मागं कुत्री सोडली, ती भीतीनं आणि दमून मेली, आणि मग एका राक्षसी कुत्र्यानं त्या धन्याचा गळा फोडला. तेव्हापासून वारसांना कुत्र्याची भीती. पुस्तक जगभर गाजलं. पण त्या पोरीचं नाव पुस्तकात नाही. सगळं रहस्य जिच्या मढ्यावर उभं आहे तिला नाव नाही. मी दोनदा पानं उलटून बघितली.

मधे आज्जानं पुस्तकाची एक चूकही काढली. शेवटी कळतं की कुत्रं खरंच असतं आणि अंधारात चमकावं म्हणून त्याला फॉस्फरस फासलेला असतो. ही गंमत मी त्याला आधीच सांगून टाकली, कारण मला राहवलं नाही. आज्जा म्हणाला, ‘कुत्रं अंग चाटतंय न्हवं? मग चाटून त्येच मरंल की पैलं.’ माझी आधी बोबडी वळली, मग हसू आलं. होम्सला हे सुचलं नाही. वीस वर्षं गावची गुरं राखलेल्या माणसाला सुचलं.

तर त्या गोष्टीत सेल्डन नावाचा कैदी आहे. तुरुंगातनं पळालेला. संत बिंत नाही, खुनीच आहे. पण त्याची बहीण वाड्यावर कामाला आहे. ती आणि तिचा नवरा त्याला रात्री चोरून भाकरतुकडा पोचवतात. जहागीरदार आपले जुने कपडे नोकराला देतो, नोकर ते ह्या मेव्हण्याला देतो. आणि कुत्र्याला वास दिलेला असतो जहागीरदाराचा. कुत्रं कपड्याच्या वासावर धावतं, सेल्डन जीव घेऊन पळतो आणि खडकावरनं पडून मरतो. अंधारात होम्स आणि वॉटसन पोचतात, कपडे ओळखतात, जहागीरदार मेला म्हणून हाय खातात. मग होम्सला मढ्याची दाढी दिसते. म्हणजे हा आपला माणूस नाही, हा तो कैदी. आणि शेरलॉक होम्स, जगातला थोर गुप्तहेर, त्या मढ्याशेजारी आनंदानं नाचतो.

इथं मी थांबलो. मित्रांनो, मी लहानपणी आई ज्या घरी कामाला जायची तिथल्या पोराच्या उतरलेल्या पँटी घालून शाळेत गेलोय. पट्ट्याला जास्तीचं भोक पाडून. वर्गात कुणीतरी ती पँट ओळखायचं. आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी तर मढ्यावरचं कापड हक्क म्हणून घेतलं. दुसऱ्याच्या कपड्यात मरणं म्हणजे काय हे आम्हाला भाषांतराशिवाय कळतं. आणि पन्हाळ्याच्या पायथ्याला बसून हे वाचताना शिवा काशीद आठवल्याशिवाय कसा राहील? १६६० च्या वेढ्यात राजाचा वेश घालून पालखीत बसलेला न्हावी. तो जाणून गेला. कुणासाठी मरतोय हे त्याला ठाऊक होतं, आणि गडाखाली त्याची समाधी आहे. सेल्डनला कपडे कुणाचे, वैर कुणाचं, कशाचाच पत्ता नाही. नाचणाऱ्याला त्याचं नाव तेवढं ठाऊक होतं.

आज्जानं पुस्तक मिटायला लावलं. म्हणाला, ‘थांब गा जरा.’ बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं जे सांगितलं ते आमच्या घरात माझ्या बापालाही पुरतं ठाऊक नव्हतं.

कोल्हापूर संस्थान १९४९ साली विलीन झालं. त्याच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. वतन जाऊन पंचवीसेक वर्षं झालेली, पण गावात तराळकी चालूच होती, कारण भाकरी चालू होती. पणजा तराळ. गावातल्या एका मोठ्या वाड्यावर जत्रेच्या रात्री दागिन्यांचा डबा गेला. पहाटेच बोलावणं आलं. उजाडायचं होतं म्हणून पणजानं पोराला बरोबर घेतलं, कंदील धरायला. तो पोरगा म्हणजे आमचा आज्जा. सात-आठ वर्षांचा.

रात्री पाऊस पडून गेलेला. गोठ्यामागच्या चिखलात पायताणाचं पाऊल. डाव्या टाचेचा नाल पडलेला, आणि टाच बाहेरच्या अंगाला झिजलेली. पणजा उकिडवा बसला आणि बघत राहिला. आज्जा म्हणतो, ‘बाला गावातलं समद्यांचं पाय ठावं हुतं. आमी मान खाली घालूनच चालायचो न्हवं? मंग दिसणार काय दुसरं?’ माग बांधानं गेला, विहिरीपाशी थांबला. तिथं कुणीतरी काहीतरी ठेवून दगड सारखा केलेला. तिथनं वळसा घेऊन माग परत आला, कुठं, तर त्याच वाड्याच्या मागच्या दारात. पायरीवर पायताण काढून ठेवलेलं. नाल नसलेलं. वाड्यातल्याच एका तरण्या माणसाचं.

रहस्यकथेत इथं सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतात आणि गुप्तहेर पाईप ओढत उलगडा करतो. आमच्या गोष्टीत दारात वाड्याचा धनी उभा होता. त्यानं पायताणाकडं बघितलं, पणजाकडं बघितलं. विचारलं, ‘माग कुठं गेला रं?’

पणजा म्हणाला, ‘ओढ्यात गेला, सरकार. पाण्यात माग ऱ्हात न्हाई.’

ओढ्यापलीकडं शेजारच्या गावाचा मांगवाडा. दुपारी पोलीस तिथं गेले, एकाला बांधून आणला. डबा सापडला नाही, पण सहा महिन्यांची सजा झाली. सुटून आल्यावर तो माणूस बायकापोरं घेऊन गाव सोडून गेला. पणजाला वाड्यावरनं पायलीभर जोंधळं आणि एक जुना कोट मिळाला. चांगला होता म्हणे, पितळी बटणांचा. तो कोट खुंटीला टांगलेला असायचा. थंडीत पणजा घोंगडं घ्यायचा, पण कोट घालायचा नाही. आज्जीनं एकदा गोधडीत घालते म्हणून कात्री लावली, तर हातातनं हिसकून घेतला. छप्पन्नच्या दीक्षेनंतर आमच्या वाडीनंही देव टाकले. पाटीत घालून सगळे देव ओढ्यात सोडायला निघाले, तेव्हा पणजानं खुंटीवरनं कोट काढला आणि देवांच्या पाटीत ठेवला.

‘का म्हणून कुणी इचारलं न्हाई,’ आज्जा म्हणाला. ‘मला ठावं हुतं. कंदील माज्या हातात हुता.’

आता सांगा मला, ह्यात रहस्य कोणतं? चोर कोण हे पाचव्या मिनिटाला कळलं होतं. ह्या देशातल्या गावात चोर कोण, खुनी कोण, हे कोडंच नसतं. २०१४ च्या एप्रिलमध्ये नगर जिल्ह्यात खर्ड्याला आपल्या सतरा वर्षांच्या पोराला शाळेतनं मारत नेलं, उजेडी, आणि झाडाला टांगलं. वरच्या जातीतल्या पोरीशी बोलला एवढा त्याचा गुन्हा. नोव्हेंबर २०१७ मध्ये खुनाचे सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक उलटले. रहस्यकथेत कुणी बघितलेलं नसतं आणि एक हुशार माणूस शोधून काढतो. आमच्याकडं सगळ्यांनी बघितलेलं असतं आणि सगळे मिळून ते न बघितलेलं करतात. ह्यासाठी होम्स काय कामाचा? त्याला जाऊन सांगणार काय, की साहेब, पुरावा आहे, माग आहे, फक्त ‘होय’ म्हणणारं तोंड नाही?

त्या उलटलेल्यांना शिव्या द्यायला मीही पुढं होतो, सोळा-सतरा वर्षांचा असताना. घसा बसेपर्यंत. आज्जाची गोष्ट ऐकल्यापासून शिवी तोंडात अडकते. पणजाला मी काय म्हणू? धन्याचं नाव घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत आमची वाडी जळाली असती, हे खरं. आणि त्याच्या एका वाक्यानं दुसरा दलित आत गेला, हेही खरं. महारानं स्वतःला वाचवलं आणि मांगाला पाण्यात लोटलं. वाड्याला बोटसुद्धा हलवावं लागलं नाही. आपल्या चळवळीत जे बोलायचं नसतं त्यातलं हे आहे, म्हणून इथं मुद्दाम मोठ्या अक्षरात बोलतो. आपल्यात फूट कुणी पाडली ह्याचं भाषण आपल्याला पाठ आहे. ती कशी पडली, कुठल्या पहाटे, कुणाच्या तोंडातनं, किती पायली जोंधळ्यावर, हे कोण लिहिणार?

अण्णा भाऊंनी दुसऱ्या अंगानं लिहिलं. ‘फकिरा’ १९५९ सालची. वारणेचं खोरं, तेच डोंगर, तेच वाडे, पण गोष्ट आहे ती ज्याच्या मागं पोलीस आहेत त्याची. अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, मांगाच्या पोरानं. त्या अर्पणपत्रिकेचं कर्ज आपल्यावर अजून आहे असं मला वाटतं. माग काढणाऱ्याची गोष्ट अजून कुणी लिहिलेली नाही. चिखल वाचणारा, पायताण ओळखणारा, सगळं उलगडलेला आणि दारात उभा राहून ‘ओढ्यात गेला’ म्हणणारा. एवढी मोठी रहस्यकथा गावागावात पडून आहे. ज्यांना ती ठाऊक आहे ते सत्त्याऐंशीचे झालेत.

तेव्हा कार्यकर्त्या मित्रा, पुस्तक परत दे. तू ते परवा खिशात घालून गेलास, ते मी बघितलंय. वाचून झालं की मामाचं पोतं आहे, अजून देतो. पण वाचताना कंदील धरलेला जो पोरगा असेल त्याच्यावर नजर ठेव. त्याला फार तर दोन ओळी देतात. पुढच्या पानावर त्याला मारून टाकायच्या आत त्यानं काय बघितलं ते विचार.

आज्जानं त्या माणसाचं नाव मला सांगितलं. ऐंशी वर्षं त्यानं ते कुणापुढं काढलं नव्हतं, पण विसरला नव्हता, बापाच्या नावासकट. इथं छापत नाही. आधी त्याच्या घरच्यांना विचारलं पाहिजे. ते गाव सोडून वाठारकडं गेले अशी त्या वेळी बोलवा होती, एवढाच माग. माझी सुट्टी रविवारपर्यंत आहे. आज्जा म्हणतोय मी पण येतो. मी म्हटलं, तुला एसटीची पायरी चढवत नाही. तर म्हणाला, ‘तू चढीव की. पोती चढवतोस न्हवं?’

उद्या सकाळची पहिली गाडी धरणार आहे.